अंटार्क्टिकाचा बर्फ आणि त्याखालचा उठता खडक

अंटार्क्टिकाचा किती बर्फ घटला हे सांगणाऱ्या बहुतेक आकड्यांमागे एक वजाबाकी असते: खालच्या जमिनीच्या उत्थानाची. खरा वाद या वजाबाकीचाच आहे.

उत्थान तसं जुनंच माहीत आहे. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या बॉथ्नियाच्या आखातात १७३१ मध्ये खडकावर समुद्रपातळीची खूण कोरली गेली, तेव्हा पाणीच ओसरतंय असा समज होता. हिमयुगातल्या बर्फाचा भार उतरल्यामुळे तिथली जमीन वर्षाला सुमारे १ सेंटिमीटर वर येतेय, हे पुढे उमगलं.

मार्च २००२ मध्ये ‘ग्रेस’ ही उपग्रहांची जोडी उडाली. सुमारे २२० किलोमीटरचं अंतर राखून एकामागे एक फिरायचं आणि त्या अंतरातला मायक्रॉनभर फरकही टिपायचा. त्यावरून गुरुत्वाकर्षणातले बदल कळतात आणि त्यांवरून वस्तुमानातले. पण गुरुत्वाकर्षणाला बर्फ आणि खडक यांत भेद नाही. बर्फ गेला की वस्तुमान घटतं, खालून प्रावरणाचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थराचा, खडक सरकत आला की वाढतं आणि हाती येते ती बेरीज. ढोबळ हिशेब करून पाहा. खंड १.४ कोटी चौरस किलोमीटरचा. तो वर्षाला सरासरी १ मिलिमीटर उचलला गेला तर १४ घन किलोमीटर खडकाची भर, म्हणजे साधारण ४५ अब्ज टन. पूर्वी वेगवेगळ्या प्रारूपांतल्या या वजाबाकीत याहून मोठी तफावत असे.

लेसरने उंची मोजणाऱ्यांची अडचण निराळी. पृष्ठभाग वर आला तर तो ताज्या भुसभुशीत हिमामुळे, घट्ट बर्फामुळे की खडकामुळे? २०१५ मध्ये एका गटाने पूर्व अंटार्क्टिकातली वाढ हजारो वर्षं चाललेल्या हिमसंचयाची मानली, तिला बर्फाची घनता लावली आणि खंडाचं वस्तुमान वाढतंय असा निष्कर्ष काढला. बातम्या झाल्या त्या बहुतेक ‘बर्फ वाढतोय’ एवढ्याच; घनतेचं गृहीतक मागे पडलं, आणि हे फार वाईट झालं. गुरुत्वाकर्षणाच्या नोंदींशी तो निष्कर्ष जुळत नव्हता. २०१८ च्या एकत्रित मूल्यमापनात १९९२ ते २०१७ या काळातली घट २,७२० अब्ज टन निघाली. अनिश्चितता मात्र १,३९० अब्ज टनांची, आणि तिचा मोठा वाटा पूर्व भागाचा.

कौतुक उपग्रहांचं होतं, पण ही कोंडी फोडायला खडकावर रोवलेली जीपीएस केंद्रंच कामी आली. बर्फातून डोकावणाऱ्या सुळक्यांवर ती उभी असतात. ध्रुवीय रात्रीत सौरपट्ट्यांचा उपयोग नाही, बराचसा भार बॅटऱ्यांवर. २०१८ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकातल्या अमुंडसेन समुद्राकाठच्या अशाच केंद्रांवरून वर्षाला ४१ मिलिमीटरपर्यंत उत्थान दिसलं. याचा अर्थ, तिथलं प्रावरण मानलं होतं त्याहून बरंच मऊ आहे आणि भार उतरल्यावर हजारो वर्षांत नव्हे, तर दशकांत किंवा शतकांत प्रतिसाद देतं. आधीची वजाबाकी अपुरी पडली होती. त्या भागातली बर्फाची घट सुमारे १० टक्के कमी धरली गेली होती.