‘फंगेटिंग’ जखम : शब्दाचा घोळ आणि ड्रेसिंगची पार्श्वभूमी

कर्करोगाची गाठ कातडी फोडून बाहेर आली की केसपेपरवर ‘फंगेटिंग वूंड’ असं लिहितात. घोळ इथूनच सुरू होतो. शब्दात ‘फंगस’ ऐकू येतं, म्हणून घरचे तिला बुरशी समजतात, मेडिकलवरून बुरशीचं मलम आणतात, रुग्णाचं ताट-तांब्या वेगळा करतात. गाठ अळंबीसारखी वर उगवते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. बुरशीचा संबंध नाही, आणि शिवल्यानं कॅन्सर लागत नाही. ‘चिघळलेली गाठ’ म्हणावं, तर चिघळली म्हणजे कुणीतरी हयगय केली असा ठपका बसतो. बहुतेक वेळा सुनेवर. ‘फुटलेली गाठ’ हा बायकांच्या तोंडचा शब्द मला त्यातल्या त्यात बरा वाटतो.

सुश्रुतानं व्रणाचे 60 उपक्रम, म्हणजे जखमेवरचे उपाय, सांगितले, ते फार मागचं झालं. 1962 मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरताना दिसली. फुटलेली गाठ बहुधा भरून येतच नाही. इथं ओलाव्याचा फायदा एवढाच की पट्टी चिकटत नाही, काढताना रक्त येत नाही.

रुग्णाला माणसांतून उठवतो तो वास. तो हवेविना वाढणाऱ्या जंतूंचा. त्यावर उतारा सापडला तो आपल्या जुलाब थांबवायच्या गोळीत, मेट्रोनिडाझोलमध्ये. 1980 च्या दशकात ती जखमेवर वापरात आली. गोळी कुटून भुरभुरावी की तयार जेल लावावं, हा वाद अजून आहे. गोळीत औषधाशिवाय इतर भुकटीही असते, हा आक्षेप खराच. पण जेलच्या ट्यूबा महिनाभर कुणाला परवडतात?

मराठवाड्यात 2012 साली तेव्हाच्या औरंगाबादेत सरकारी कर्करुग्णालय झालं. त्याआधी बार्शी, नाहीतर देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई. परतताना सिस्टर ड्रेसिंग एकदा दाखवायच्या, पुढचं सगळं घरच्या बाईवर. ड्रेसिंगआधी अर्धा तास मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं अफूपासूनचं औषध, दिलं तर रुग्ण विव्हळत नाही. पण अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यानं ते इतकं जखडलं होतं की 2014 च्या दुरुस्तीनंतरच वाट थोडी मोकळी झाली.

पाण्याचं तर बोलायलाच नको. अर्धा लिटर उकळलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ, हे जखम धुवायचं घरगुती पाणी. जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या उकळून उन्हात वाळवायच्या, त्यालाही पाणीच. 2016 मध्ये लातूरला पाणी रेल्वेनं आलं, तेव्हाही ड्रेसिंग रोजच करावं लागत होतं.