समोर धरलेला आरसा क्ष-किरणांना चालत नाही

‘आज रात्री घातक वैश्विक किरण येणार, मोबाईल बंद ठेवा’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, रोजच येतात आणि मोबाईलशी त्यांचं काही देणंघेणं नाही. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी तर आजवरचा सर्वांत तेजस्वी गॅमा किरण स्फोट, म्हणजे दूरच्या दीर्घिकेतून अचानक आलेला गॅमा किरणांचा लोळ, नोंदला गेला. सुमारे दोन अब्ज प्रकाशवर्षांवरून आलेल्या त्या किरणांनी आपल्या आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात) खळबळ उडवली, पण कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

खरी गंमत स्फोटानंतर असते. जवळपास प्रकाशाच्या वेगाने सुटलेला झोत भोवतालच्या विरळ वायूवर आदळतो आणि इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरत क्ष-किरण सोडू लागतात. ही उत्तरदीप्ती अनेक दिवस रेंगाळते. वातावरण क्ष-किरण गिळून टाकतं, म्हणून दुर्बीण अवकाशातच हवी.

पण तिथे तरी ते पकडायचे कसे? साध्या आरशावर समोरून पडलेले क्ष-किरण धातूत घुसतात आणि तिथेच विरतात. शाळेतलं पूर्ण आंतरिक परावर्तन आठवा: किरण घन माध्यमातून विरळ माध्यमाकडे पुरेसा तिरका गेला, की परत फिरतो. क्ष-किरणांसाठी धातूचा अपवर्तनांक १ पेक्षा किंचित कमी असतो. म्हणजे त्यांच्या लेखी निर्वात पोकळी घन आणि सोनं विरळ! फरक अगदी सूक्ष्म, म्हणून किरण पृष्ठभागाला जेमतेम एखाद्या अंशाने चाटून गेला तरच परावर्तित होतो. आधी अन्वस्ताकार (पॅराबोला), मग अपास्ताकार (हायपरबोला) पृष्ठभाग, अशा दोन परावर्तनांनंतर स्पष्ट प्रतिमा मिळते. असा आरसा समोरून पाहिला तर नुसती कडा दिसते, किरण फारच थोडे सापडतात. म्हणून नासाच्या ‘स्विफ्ट’ उपग्रहावर कांद्याच्या चकतीतल्या कड्यांसारखे १२ आरसे एकात एक बसवलेत. आपल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावरच्या क्ष-किरण दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यांचे असे ४० थर आहेत, आणि ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली.

पहिली उत्तरदीप्ती १९९७ च्या फेब्रुवारीत ‘बेप्पोसॅक्स’ या इटली-नेदरलँड्सच्या उपग्रहाने टिपली, पण दुर्बीण तिकडे वळवेपर्यंत ८ तास गेले. २००४ साली सोडलेला ‘स्विफ्ट’ मिनिट-दीड मिनिटात स्वतःहून वळतो. त्यामुळेच कळलं, की क्ष-किरणांची तीव्रता आधी धाडकन उतरते, मग बऱ्याच स्फोटांत काही काळ जवळपास स्थिर राहते आणि नंतर पुन्हा घटते. त्या मधल्या काळात ऊर्जा कोण पुरवतं? प्रचंड चुंबकत्व असलेला, वेगाने फिरणारा नवजात न्यूट्रॉन तारा (ताऱ्याचा कोसळून उरलेला अतिघन गाभा), असं अनेक संशोधकांना वाटतं. वाद अजून मिटलेला नाही.