एकच गिटार, दोन घराणी: फिल्टर हाउस आणि नू-डिस्को

जुन्या डिस्कोची याद देणारी आवडती गाणी एकमेकांना पाठवताना फ्रेंच फिल्टर हाउस आणि नू-डिस्को ही डिस्कोतून निघालेल्या दोन नृत्यसंगीत-प्रकारांची नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, आणि कोणी हरकत घेतलीच तर ‘दोन्हींत डिस्कोच आहे, फरक तो काय?’ असे वर ऐकवले जाते. फरक आहे आणि तो कानांना स्पष्ट कळतो. मूळ डिस्कोची ओळख येथे करून देत नाही. प्रत्येक ठोक्यावर पडणारा किक (मोठ्या ड्रमचा आघात), उघडी हाय-हॅट (जोडझांज) आणि बासची, म्हणजे खर्जातील गिटारची, नाचरी ओळ सर्वांच्या परिचयाची आहे.

किरकोळ बाबी आधी हातावेगळ्या करू. नू-डिस्को बरेचदा फिल्टर हाउसपेक्षा थोडे संथ असते, परंतु केवळ वेगावरून निवाडा करणारे हमखास फसतात. सिंथवेव्ह, म्हणजे ऐंशीच्या दशकातील सिंथेसायझरच्या नादाची नक्कल करणारे संगीत, तर या वादात येतच नाही. त्यातले कॅविन्स्की या फ्रेंच संगीतकाराचे ‘नाइटकॉल’ मला आवडते, पण ते डिस्कोच्या यादीत पाहिले की यादी करणाऱ्याने गाणे ऐकले की नुसते मुखपृष्ठ पाहिले, अशी शंका येते.

खरी गोम आहे ती जुना नाद गाण्यात कोणत्या वाटेने येतो यात: फिल्टर हाउसमध्ये जुन्या मुद्रिकेचा कापलेला तुकडा फिरतो, नू-डिस्कोत तो नाद नव्याने वाजवला किंवा रचला जातो. शीक या वाद्यवृंदाचे नाइल रॉजर्स यांची गिटार दोन्हीकडे सापडते, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. मोजो या फ्रेंच जोडीच्या ‘लेडी’ (२०००) या गाण्यातील गिटार शीकच्याच ‘सूप फॉर वन’ (१९८२) या ध्वनिमुद्रिकेतून कापून घेतलेली आहे. डाफ्ट पंक या दुसऱ्या फ्रेंच जोडीच्या ‘गेट लकी’साठी (२०१३) मात्र रॉजर्स स्वतः स्टुडिओत बसून वाजवतात आणि त्यांच्या साथीला बासवर नेथन ईस्ट व ड्रम्सवर ओमर हकीम आहेत. आता गंमत अशी, की ‘गेट लकी’तही ठरावीक चार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) अखेरपर्यंत फिरत राहतात, त्यामुळे ‘पुनरावृत्ती असली की फिल्टर हाउस’ हा लोकप्रिय ठोकताळा येथेच कोसळतो. पुनरावृत्ती दोन्हीकडे असते. पण कापलेल्या तुकड्यात जे काही आहे, अगदी तारेची एखादी खरखरसुद्धा, ते दर फेरीला जसेच्या तसे परत येते, तर वाजवणाऱ्याचा हात प्रत्येक फेरीत कोठे किंचित जोर देतो, कोठे एखादा स्वर गाळतो आणि बासवाला मध्येच एखादी जागा घेऊन जातो.

फिल्टरचे, म्हणजे आवाजातील ठरावीक कंप्रता छाटणाऱ्या साधनाचे, महत्त्वही यातूनच येते. जुन्या मुद्रिकेतील गिटार, झांज आणि व्हायोलिन एकाच तुकड्यात मिसळून गेलेली असल्यामुळे त्यांना सुटे करून रचना पुढे नेणे अवघड असते. मग गाण्याचा निर्माता वरच्या पट्टीतील कंप्रता छाटून अख्खा तुकडाच शेजारच्या खोलीतून ऐकू यावा तसा गुदमरवतो आणि हळूहळू मोकळा करतो. स्टारडस्ट या फ्रेंच चमूच्या ‘म्युझिक साउंड्स बेटर विथ यू’मध्ये (१९९८) अमेरिकन गायिका चाका खान यांच्या ‘फेट’मधील (१९८१) छोटासा तुकडा फिरतो आणि सगळे नाट्य या उघडझापीतून उभे राहते. याउलट नू-डिस्कोत प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित केलेले असल्याने बास तशीच ठेवून केवळ कीबोर्ड झाकता येतो, किंवा सरळ नवा भागच रचता येतो.

यावरून कोणी ‘म्हणजे नू-डिस्कोला खरीखुरी वाद्ये हवीत’ असा अर्थ काढतो, तोही चूक आहे. नॉर्वेचे संगीतकार टॉड टेर्ये यांचे ‘इन्स्पेक्टर नॉर्स’ (२०१२) एआरपी २६०० या एकाच जुन्या सिंथेसायझरच्या नादांवर उभे आहे, आणि तरीही ते नू-डिस्कोच आहे, कारण त्यातील धून नव्याने रचलेली आहे. माझे मत विचाराल तर या घराण्याची ओळख करून घ्यायला याहून चांगले गाणे नाही. फिल्टर हाउसची नशा पहिल्या दोन मिनिटांत चढते खरी, पण रात्रभर ऐकायला मी नू-डिस्कोच लावतो.

एक खोड मात्र सुटली पाहिजे, ती कलाकाराच्या नावावरून शिक्का मारण्याची. डाफ्ट पंकचेच ‘वन मोअर टाइम’ गायक एडी जॉन्स यांच्या १९७९ च्या गाण्याचे तुकडे कापून-जोडून बनले आहे. ते फिल्टर हाउसच्या यादीत शोभते, त्याच दोघांचे ‘गेट लकी’ शोभत नाही.