सांधेदुखी आणि दक्षिणेचे ऊन : एका प्रथेची पार्श्वभूमी

नोव्हेंबर उजाडला की ब्रिटन, जर्मनी, स्वीडन, नॉर्वे इथली बरीच निवृत्त मंडळी स्पेनच्या किनाऱ्यावर, पोर्तुगालच्या आल्गार्व्हमध्ये किंवा कॅनरी बेटांवर मुक्काम हलवतात आणि मार्चअखेर परततात. कारण विचारले तर गुडघे, बोटे, कंबर यांचा उल्लेख हमखास येतो. ही प्रथा सुमारे अडीचशे वर्षांची आहे. सुरुवातीला मात्र तिचा सांध्यांशी फारसा संबंध नव्हता.

ती सुरू झाली छातीच्या रोगांपासून. टोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश डॉक्टर-लेखक १७६३ ते १७६५ या काळात दक्षिणेकडे गेला आणि भूमध्य समुद्राकाठच्या नीस शहरात राहिला, तो खोकला आणि दम यांनी बेजार होऊन. १८३४ मध्ये ब्रिटिश राजकारणी लॉर्ड ब्रूम कॉलऱ्याच्या नाकेबंदीमुळे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कान (Cannes) गावात अडकले, गावाच्या प्रेमात पडले आणि त्यांनी तिथेच घर बांधले. त्यांच्या मागोमाग इंग्रज सरदार-सावकार आले. १८६३ मध्ये रेल्वे कानपर्यंत आणि पुढच्याच वर्षी नीसपर्यंत पोहोचली, तेव्हा रिव्हिएराचा, म्हणजे या किनारपट्टीचा, हिवाळा मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आला. तोवर येणाऱ्यांत क्षयाचे रुग्ण मोठ्या संख्येने असत. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधला, आल्प्समधल्या दाव्होससारख्या आरोग्यधामांचा बोलबाला वाढला आणि क्षयाचे रुग्ण हळूहळू डोंगराकडे वळले. किनाऱ्यावर मग वातविकाराची म्हातारी माणसे आणि नुसते ऊन खायला आलेले श्रीमंत उरले. त्या हंगामी वस्तीने घडवलेले नीस २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेही ‘हिवाळी मुक्कामाचे शहर’ म्हणूनच.

राणी व्हिक्टोरियाचे गुडघे या इतिहासात महत्त्वाचे आहेत. उतारवयात संधिवाताने तिचे चालणे अवघड झाले होते. त्यासाठी ती एक्स-ले-बँच्या गरम झऱ्यांवर गेली आणि १८९५ ते १८९९ अशी सलग पाच वर्षे नीसच्या सिमिए टेकडीवर राहिली. तिथे ती गाढवाच्या छोट्या गाडीतून फिरे. लवाजम्यात तिचा भारतीय सेवक मुन्शी अब्दुल करीमही असे. एक तपशील सहसा सुटतो : राणी ऐन थंडीत नव्हे, मार्च-एप्रिलमध्ये जात असे. इंग्लंडचा वसंत ओला आणि बोचरा, म्हणून तो चुकवायचा. आजही जानेवारीत जाऊन फेब्रुवारीअखेर परतणाऱ्याला घरी सगळ्यात त्रासदायक आठवडे भेटतात.

ऊन काय करू शकते आणि काय नाही, हे कळायला फ्रेंच चित्रकार रेन्वारचे उदाहरण पुरेसे आहे. १८९० च्या दशकात त्याला आमवाताने (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सांध्यांचा दाह करणारा आजार) गाठले. थंडी टाळण्यासाठी तो दक्षिणेकडे जाऊ लागला आणि १९०७ मध्ये त्याने कान्य-सूर-मेर इथे जैतुनाच्या झाडांची जागा विकत घेतली. तिथे ऊन, कोरडी हवा, नोकरचाकर, मोकळा वेळ, सगळे होते. तरी त्याची बोटे आत वळत गेली, तळहाताची कातडी सोलवटू नये म्हणून कापड गुंडाळावे लागले, शेवटची वर्षे चाकाच्या खुर्चीत गेली. कुणीतरी कुंचला हातात द्यायचे आणि तो रंगवायचा. १९१९ मध्ये मरेपर्यंत त्याने काम सोडले नाही. दुखणे सुसह्य होण्यात हवेचा वाटा असेल, पण सांधा झिजवणारी दाहाची प्रक्रिया हवामानाने थांबली नाही. ती थांबवणारे काही तेव्हा वैद्यकाकडेच नव्हते. दाह कमी करणारे कॉर्टिझोन पहिल्यांदा आमवाताच्या रुग्णाला दिले गेले १९४८ मध्ये आणि मेथोट्रेक्सेट नेहमीचे औषध झाले १९८० च्या दशकात.

औषधे आली तरी दक्षिणेची वाट बंद झाली नाही. उलट नॉर्वेने ती सरकारी केली. १९७६ पासून तिथले रुग्ण सरकारी खर्चाने उबदार देशांत उपचारासाठी पाठवले जातात. मॉन्टेनेग्रोमधले इगालो हे त्यातले जुने ठिकाण. स्पेन आणि तुर्कस्तानही यादीत आले. आमवात, मणक्याचा दाहक संधिवात, सोरायसिससोबतचा संधिवात असे निदान झालेल्यांना साधारण चार आठवडे मिळतात. डॉक्टरची शिफारस लागते, रोजचा काही खर्च रुग्णाने उचलायचा असतो आणि स्वतःची कामे स्वतः करता यावी लागतात. दिवसाचे वेळापत्रक ठरलेले असते : फिजिओथेरपी, गटाने व्यायाम, तलावातला व्यायाम, चालणे. समुद्रकिनारी पडून राहणे हा उपचार नव्हे.

हा फरक महत्त्वाचा, कारण नॉर्वेच्या संशोधकांनी तोच तपासला. एकाच प्रकारच्या रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला नॉर्वेतच, दुसऱ्याला भूमध्य समुद्राकाठी तेच चार आठवड्यांचे प्रशिक्षण दिले. फायदा दोन्हीकडे झाला, दक्षिणेकडच्या गटात तो नंतरचे काही महिने जास्त टिकला. अशा चाचणीची अडचण उघड आहे. आपण ओस्लोत आहोत की इगालोत, हे रुग्णापासून लपवता येत नाही. घरकाम सुटले, झोप झाली, सोबत मिळाली, या सगळ्याचे माप ‘हवामान’ याच खात्यात पडते. तरीही पदरात पडलेला फायदा खोटा ठरत नाही, फक्त श्रेय वाटून द्यावे लागते.

मग हवेचा स्वतःचा हात किती? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फियात जोसेफ हॉलंडर यांनी रुग्णांना काही आठवडे बंद खोलीत ठेवून हवेचा दाब आणि आर्द्रता कमीजास्त केली. एकच गोष्ट बदलली तर फारसे घडत नसे. दाब उतरवून त्याच वेळी आर्द्रता चढवली की सांधे आखडत. पुढे १९९६ मध्ये रेडेलमायर आणि ट्वर्स्की यांनी आमवाताचे १८ रुग्ण १५ महिने तपासले, त्यात हवामानाशी नाते दिसले नाही. माणसाला योगायोगातही नमुने दिसतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या १ कोटी १६ लाख डॉक्टरभेटी चाळल्या गेल्या. सांधे-पाठदुखीच्या तक्रारी पावसाच्या दिवशी ६.३५ टक्के, कोरड्या दिवशी ६.३९ टक्के. अर्थात आज दुखले म्हणून आजच डॉक्टरकडे कोण जातो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मँचेस्टरच्या संशोधकांचा २०१९ चा अभ्यास अधिक विश्वासार्ह वाटतो : २,६५८ जणांनी मोबाइलवर रोजच्या रोज दुखणे नोंदवले. जास्त आर्द्रता, कमी दाब आणि जोराचा वारा यांच्याशी दुखण्याचा संबंध लागला, पण तो माफक होता. नुसत्या तापमानाशी सरासरीने संबंध लागला नाही.

म्हणजे थर्मामीटर बघून देश निवडणे चुकीचे. थंडीचा मोठा तोटा आडवळणाने होतो. बाहेर बर्फ, अंधार, निसरडे रस्ते असले की माणूस घरात बसतो, स्नायू सैल पडतात आणि त्यांचा भार सांध्यावर येतो. उबदार देशात तो रोज तासभर चालतो. तिथे जाऊनही खुर्ची न सोडणाऱ्याला विमानाचे भाडे फुकट गेले असे समजावे.

बेत बहुधा फसतो तो घरामुळे. स्पेनमधल्या आलिकांतेला जानेवारीत दुपारी १७ अंश असते, पण रात्री पारा ६-७ पर्यंत उतरतो. भाड्याची घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली : फरशी टाइल्सची, भिंती पातळ, हीटर नावापुरता. सकाळी आखडलेले सांधे तिथेही सुटत नाहीत. कॅनरी बेटांपैकी तेनेरीफच्या दक्षिण भागात रात्रीही साधारण १५ अंश राहते, म्हणून स्वीडनच्या रुग्णांनी १९६० च्या दशकापासून तिथले लोस क्रिस्तियानोस गाव पसंत केले. समुद्राबद्दलही गैरसमज असतो. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर जानेवारीत पाणी १४ अंशांच्या आसपास असते, तर सांध्यांच्या व्यायामाला ३३ ते ३६ अंशांचा तलाव लागतो. घर ठरवण्याआधी तलाव गरम केलेला आहे का आणि किती अंशांचा, हे लेखी विचारावे.

ब्रिटिशांसाठी गणित अलीकडे बदलले. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून, व्हिसाशिवाय शेंगेन देशांत (सामाईक सीमा मानणाऱ्या, स्पेन-पोर्तुगालसह युरोपीय देशांत) १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. नोव्हेंबर ते मार्च हे १५१ दिवस होतात. ब्रिटिश सरकार ज्येष्ठांना घर गरम ठेवायला देते त्या हिवाळी इंधनभत्त्याची सवलत त्याआधीच, २०१५ च्या हिवाळ्यापासून, स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस आदी देशांत राहणाऱ्यांना बंद झाली होती. फ्रान्सही त्यात गेला, कारण सरासरी तापमान काढताना कॅरिबियन आणि हिंदी महासागरातले फ्रेंच प्रदेशही धरले गेले. आल्प्समधल्या पेन्शनरला हे ऐकून ऊब आली असेल असे वाटत नाही.

गोवा या नकाशावर आला तो १९८० च्या दशकात युरोपातून चार्टर विमाने उतरू लागल्यावर. पुढे ब्रिटिश पेन्शनरांची तिथे नियमित ये-जा सुरू झाली. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनची थॉमस कुक कंपनी बुडाल्याने तिला मोठा फटका बसला. सांध्यांसाठी गोव्याची रात्र चांगली, डिसेंबरातही पारा २० च्या आसपास. हिवाळ्यासाठी लंडन किंवा टोरंटोहून पुण्यात येणाऱ्या मराठी ज्येष्ठांना मात्र उलटा अनुभव येतो : दुपार २९-३० अंश, पहाट ११-१२, घरात हीटर नाही आणि शहाबादी फरशीवर अनवाणी वावर. जाड तळव्याच्या चपला, आंघोळीआधी गरम पाण्याचा शेक आणि ऊन चढल्यावरच फिरायला जाणे, एवढे पाळले तरी बराच फरक पडतो. नाहीतर त्याच सुट्टीतले दोन महिने कोकणात काढावेत.

औषधांची तयारी निघण्याआधी. आमवातावरची अडालिमुमॅबसारखी इंजेक्शने २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. फ्रीजबाहेर ती जास्तीत जास्त २५ अंशांत १४ दिवस चालतात, म्हणजे गोव्यातल्या खोलीत ही सवलत लागू नाही. ती हातातल्या बॅगेतच ठेवावीत, सामानाच्या कप्प्यात गोठू शकतात आणि गोठलेले इंजेक्शन टाकूनच द्यावे लागते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे, प्रवासाच्या गडबडीत वार चुकून ते दोनदा घेतले गेले तर जिवावर बेतू शकते. मुक्काम पाच महिन्यांचा असेल तर मधली रक्ततपासणी कुठे करायची ते आधीच ठरवावे. उन्हात पाणी कमी पिऊन वेदनाशामक गोळ्या घेत राहिले की मूत्रपिंडावर ताण येतो. भारतात येणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. ही इंजेक्शने सुप्त क्षय जागा करू शकतात, म्हणून ती सुरू असताना लांबच्या मुक्कामाआधी क्षयाची तपासणी डॉक्टरांशी बोलून करून घ्यावी. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात चिकुनगुनियाचे डास असतात. त्याचा ताप आठवड्यात उतरतो, सांधे मात्र कित्येक महिने दुखत राहतात, म्हणून मच्छरदाणी लावावी आणि जमल्यास डिसेंबरातच यावे.