पुणे ते हैदराबाद, मधे सोलापूर: बुडणाऱ्या संघांची पार्श्वभूमी

सोलापुरातला फुटबॉलवेडा एका संघावर क्वचितच भागवतो. टीव्हीवर इंग्लंडचा एक, जवळचा म्हणून पुण्याचा एक आणि वर भारत. यातला पुण्याचा हिशेब सगळ्यात वाईट. बाकीचे हरले, तरी पुढच्या हंगामात असतात.

पुणे एफसी २००७ साली स्थापन झाला आणि दुसऱ्या श्रेणीत खेळून आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, वर आला. २००९-१० मध्ये तिसरा, २०१२-१३ मध्ये उपविजेता. २०१४ मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) सुरू झाली. तिथली जागा खेळून मिळत नव्हती, पैसे भरून मिळत होती. ती जागा एफसी पुणे सिटी या वेगळ्याच संघाला मिळाली. नावं इतकी सारखी की बातम्यांतही गफलत व्हायची. त्याच हंगामात आय-लीगमध्ये थेट प्रवेश घेऊन भारत एफसीही पुण्यात आला आणि अकरा संघांत शेवटचा राहिला. थेट प्रवेशाच्या करारात घसरणीपासून, म्हणजे खालच्या श्रेणीत जाण्यापासून, संरक्षण होतं, म्हणून खाली गेला तो दहावा आलेला गोव्याचा डेम्पो. २०१४-१५ संपल्यावर पुणे एफसी आणि भारत एफसी दोघांनीही पहिला संघ गुंडाळला. पाठोपाठ आलेल्या डीएसके शिवाजियन्सने २०१७ मध्ये लीग सोडली.

उरला एफसी पुणे सिटी. त्याचे सामने बालेवाडीत, संध्याकाळी सातच्या सुमारास. सोलापूरकरांची अडचण इथेच. सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्स्प्रेस साडेदहापर्यंत पुण्यात पोचवते, पण परतीची संध्याकाळी सहालाच सुटते, म्हणजे सामन्याआधी. मग मध्यरात्रीनंतर पुण्यात येणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसची वाट बघायची, नाहीतर रात्रीची एसटी. शिवाय सोलापूर रस्ता शहरात हडपसरकडून शिरतो आणि बालेवाडी पार दुसऱ्या टोकाला, मुंबईच्या वाटेवर. एवढं करून पाहायला काय मिळालं? पहिले तीन हंगाम उपांत्य फेरीच्या बाहेर. चौथ्यात, २०१७-१८ मध्ये संघ तिथवर पोचला. बालेवाडीत बेंगळुरूशी ०-० अशी बरोबरी झाली आणि परतीच्या सामन्यात बेंगळुरूच्या सुनील छेत्रीने तीन गोल करून ३-१ ने निकाल लावला. २०१९ मध्ये संघ बंद.

त्याची लीगमधली जागा हैदराबाद एफसीने घेतली. सोलापूर पुणे-हैदराबाद महामार्गावर मधोमध, इथल्या पद्मशाली पेठांतून तेलुगू रोज कानावर पडते, आणि गच्चीबोवलीचं स्टेडियम हैदराबादच्या आपल्याकडच्या बाजूला. म्हणजे बालेवाडीसारखं अख्खं शहर ओलांडायला नको. पण पहिल्या हंगामात संघ दहापैकी दहावा. पुढचे दोन हंगाम कोरोनामुळे सगळी लीग गोव्यात. नेमक्या त्यातल्या दुसऱ्या हंगामात, मार्च २०२२ मध्ये, फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून हैदराबाद विजेता झाला. करंडक आला, पण तो हंगाम घरच्या मैदानावर कोणी पाहिलाच नाही. दोन वर्षांत पगार थकले, फिफाने नवे खेळाडू नोंदवायला बंदी घातली, परदेशी खेळाडू गेले. २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत एक विजय, पाच बरोबरी, आठ गुण.

एवढं होऊनही संघ खाली गेला नाही, कारण आयएसएलमध्ये तेव्हा घसरणच नव्हती. इंग्लंडमध्ये शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात, म्हणून तळाच्या सामन्यांनाही मे महिन्यापर्यंत जीव असतो. घसरण नसलेल्या अशा ‘बंद’ लीगमध्ये तळाच्या संघाला तशी भीती नाही. तिथे संघ संपतो तो गुणतक्त्यामुळे नाही, मालकाचे पैसे आटल्यामुळे.

टीव्हीवरच्या संघांचं थोडक्यात. २०२४-२५ मध्ये मँचेस्टर युनायटेड पंधरावा आणि टॉटनहॅम सतरावा, आणि तरी युरोपा लीगचा अंतिम सामना याच दोघांत. आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झालेला तो सामना टॉटनहॅमने १-० ने जिंकला. भारताने जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात तिन्ही सामने गमावले, एकही गोल न करता. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ ने हरून २०२७ च्या आशिया चषकाचं दारही बंद झालं.

त्याच महिन्यात हैदराबादचा संघ नाव बदलून दिल्लीला गेला. सोलापूरला कर्नाटक एक्स्प्रेस थांबते, पण तिने दिल्ली गाठायला पुरता एक दिवस आणि वर काही तास लागतात.