पोस्टग्रेसचं रेप्लिकेशन: डीफॉल्टवर विसंबू नये ते का

पोस्टग्रेस या डेटाबेसचं रेप्लिकेशन म्हणजे मुख्य सर्व्हरवरचा (प्रायमरी) डेटा दुसऱ्या, राखीव सर्व्हरवर (स्टँडबाय) सतत उतरवत राहणं. २०१० आधी पोस्टग्रेसचा स्टँडबाय म्हणजे वॉलच्या (डेटातल्या बदलांच्या नोंदवहीच्या) १६ एमबीच्या फाइली एकेक करून दुसऱ्या सर्व्हरवर नेऊन लावायच्या. त्या सर्व्हरवर साधी सिलेक्ट क्वेरीही (डेटा वाचायची विनंती) चालत नसे. चालणारी प्रत हवी असेल, तर स्लोनीसारखं ट्रिगरवर (डेटा बदलताच आपोआप चालणाऱ्या कोडवर) उभं असलेलं बाहेरचं साधन लावावं लागे. साधं, भरवशाचं रेप्लिकेशन मूळ डेटाबेसमध्येच हवं, असं पोस्टग्रेसच्या कोअर टीमने मे २००८ मध्ये जाहीर केलं. सप्टेंबर २०१० च्या ९.० आवृत्तीत ते आलं. पुढच्याच वर्षी ९.१ मध्ये सिंक्रोनस पर्यायही (बदल स्टँडबायवर पोचल्यावरच पक्का मानणारा) मिळाला.

गोम होती ती जुना वॉल किती काळ ठेवायचा यात. प्रायमरी आपल्या सोयीने जुन्या फाइली काढून टाकते. स्टँडबाय तोवर मागे पडला असेल, तर त्याला सगळी प्रत नव्याने घ्यावी लागते. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत नेमकं हेच झालं. लोड वाढला, स्टँडबाय मागे पडला, हवा असलेला वॉल निघून गेला आणि आर्काइव्हिंग (जुना वॉल वेगळा साठवणं) सुरू नव्हतं. नवी प्रत घेताना मॅक्स वॉल सेंडर्स (वॉल पाठवणाऱ्या जोडण्यांची मर्यादा) वाढवावं लागलं. तरीही बेसबॅकअप (पूर्ण प्रत घेणारं साधन) काही न बोलता अडकून बसला. तो प्रायमरीची वाट पाहतोय, हे पडद्यावर कुठेच दिसत नव्हतं. रात्री उशिरा थकलेल्या इंजिनिअरने स्टँडबाय समजून प्रायमरीचीच डेटा डिरेक्टरी पुसली. लक्षात येईतो ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते. हा सगळा तपशील गिटलॅबने स्वतःहून जाहीर केला, याबद्दल आपण सगळ्यांनी त्यांचे आभार मानायला हवेत.

यावरचा उपाय, रेप्लिकेशन स्लॉट, ९.४ मध्ये २०१४ लाच आला होता. स्टँडबायने वाचल्याशिवाय स्लॉट वॉल काढू देत नाही. पण बंद पडलेल्या स्टँडबायचा स्लॉट तसाच राहिला, तर प्रायमरीची डिस्क भरते आणि चालता डेटाबेस थांबतो. म्हणून २०२० मध्ये, १३ व्या आवृत्तीत, मॅक्स स्लॉट वॉल कीप साइज (स्लॉटसाठी किती वॉल राखायचा याची मर्यादा) आलं. त्याचं डीफॉल्ट (आपण न बदलल्यास लागू असणारं मूल्य) उणे १ आहे, म्हणजे मर्यादाच नाही. ते तसंच ठेवू नका. डिस्कवर मोकळी जागा किती आणि दिवसभरात वॉल किती तयार होतो, हे आधी मोजा, मग आकडा घाला. मर्यादा ओलांडली की स्लॉटची स्थिती 'लॉस्ट' दिसते आणि स्टँडबाय पुन्हा उभारावा लागतो, पण प्रायमरी चालू राहते.