जोगलटेंभीचा ठेवा आणि अंजनेरीची नाणकसंस्था

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीच्या पायथ्याशी ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज’ ही केवळ नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी 1980 साली तिची स्थापना केली. मुंबई-पुणे सोडून ती इथे असणे या परिसराच्या पूर्वेतिहासाला साजेसेच म्हणावे लागेल.

दारणा-गोदावरीच्या संगमावर जोगलटेंभी येथे 1906 साली चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा मिळाला. तपासलेल्या सुमारे 13,250 नाण्यांपैकी 9,270 नाण्यांवर दोन ठसे होते. मूळचा क्षहरात वंशातील क्षत्रप (शक राजा) नहपानाचा, आणि त्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. असे नाणे उजेडात तिरके धरले, तर सातवाहनांच्या तीन कमानींच्या चैत्यचिन्हाआडून नहपानाचे नाक किंवा ग्रीक अक्षरांचा एखादा तुकडा डोकावतो. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राला ‘खखरातवसनिरवसेसकरस’, म्हणजे क्षहरात वंश निःशेष करणारा, म्हटले आहे. एवढाच लेख हाती असता, तर आईने केलेली स्तुती म्हणून तो बाजूला सारता आला असता. जोगलटेंभीनंतर तसे करता येत नाही.

त्याच डोंगरातील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे (व्यवसायसंघांकडे) ठेवलेल्या 3,000 कार्षापणांचा (त्या काळच्या नाण्यांचा) हिशेब कोरलेला आहे. त्यातील 2,000 दरमहा एक टक्का व्याजाने होते. वर्षाचे 240 कार्षापण वीस भिक्षूंच्या वस्त्रांसाठी, प्रत्येकी बारा, असा चोख जमाखर्च त्यात जुळतो.

नाण्यांचा ठेवा एकत्र राहिला तरच जोगलटेंभीसारखी मोजदाद शक्य होते. 1878 च्या निखात निधी (पुरलेले धन) कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. परंतु सराफाकडे जुनी चांदी मोडीत घातली, की वजनाखेरीज तिची कसलीच नोंद उरत नाही. म्हणूनच नाणी ओळखणे, त्यांची नोंद करणे आणि त्यांवरील संशोधन प्रसिद्ध करणे या कामाला मोल आहे. अंजनेरीची संस्था ‘न्यूमिस्मॅटिक डायजेस्ट’ हे नियतकालिक काढते, त्याचे महत्त्वही यातच आहे.

खुद्द अंजनेरीलाही नाण्यांचा वारसा आहे. येथे मिळालेल्या, इसवी सन 710 च्या सुमाराच्या, भोगशक्ती या राजाच्या ताम्रपटांत ‘कृष्णराज-रूपक’ या नाण्यांचा उल्लेख येतो. तो कलचुरी वंशातला राजा कृष्णराज सहाव्या शतकातला. त्याची राजवट संपून शतक उलटले, तरी त्याच्या नावाचा रुपया या भागात चालतच होता.